आठव्या दिवसाचं पाणी

शिल्लक : तेरा

थोरलीने सुक्या भोपळ्याचा तुंबा दोन्ही हातांनी उचलला, तिरका केला आणि एक घोट तोंडात घेतला. गिळायचा नाही. आधी जिभेच्या शेंड्यावर, मग दोन्ही कडांना, मग मागे पडजिभेपाशी. आणि वीस मोजेपर्यंत तिथेच धरायचा. समोर पाटावर तिची धाकटी जाऊ एका भोपळ्याच्या पोटातलं वाळलेलं जाळं खरवडत होती. दाराशी दीर शेगडीत लोखंडी ठसा तापवत होता. दोघं खाली मान घालून काम करत होती, पण दोघांचे कान थोरलीकडे होते.

वीस झाले. ती बादलीत थुंकली.

"गोड," ती म्हणाली.

दिराने लाल झालेला ठसा उचलून तुंब्याच्या गळ्याखाली टेकवला. चर्रर्र. धुराची एक बारीक रेघ वर गेली. काम फत्ते.

आता खरं सांगायचं तर त्या पाण्याला चवच नव्हती. म्हणजे असेलही, थोरलीला कळली नाही. गेले अकरा दिवस तिला कशाचीच चव कळत नव्हती, आणि हे त्या घरात तिच्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं.

शिल्लक : बारा

भोपळ्याचं भांडं करणं दिसायला सोपं. भोपळा वेलावरच सुकू द्यायचा. हलवला की आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. मग करवतीने तोंड कापायचं, वाकड्या सळईने पोट खरवडायचं, एक दिवस राखेचं पाणी, पुढे सात दिवस साधं पाणी, रोज बदलून. शेवटचं पाणी रात्रभर आत ठेवायचं आणि आठव्या दिवशी ते चाखायचं.

इथेच सगळी गोम आहे. एका वेलाचे दोन भोपळे, सख्खे भाऊ, रंगाने सारखे, वजनाने सारखे. त्यातला एक गोड निघतो आणि दुसरा कडू जहर. नुसतं बोलायला जहर नव्हे. कडू तुंब्यातलं पाणी दिवसभर प्यायलं तर धडधाकट माणूस ओकून ओकून आडवा होतो. लहान पोर थेट दवाखान्यात जातं. म्हणून कडू निघालेल्यावर खडूने फुली मारायची आणि तो धान्य नाहीतर मीठ ठेवायला द्यायचा, नाहीतर चिरून त्याच्या पळ्या करायच्या. गोडावर ठसा. ठसा म्हणजे घराचा शब्द: यातून पाणी प्या.

मग चाखायला थोरलीच कशाला हवी? जीभ काय सगळ्यांनाच असते. असते, पण एकदा का कडू लागलं की साध्या माणसाच्या जिभेवर ते तासभर ठाण मांडून बसतं. पुढचं गोड पाणीही मग त्याला कडूच लागतं. थोरलीच्या जिभेचं तसं नव्हतं. एक चूळ भरली की पाटी कोरी. शिवाय पिंपात थेंबभर असावा इतका पुसट कडवटपणा तिला सापडायचा. ती या घरात आली त्याच वर्षी सासूने हे हेरलं आणि आपला पाट तिला दिला. तेव्हापासून तिला गल्लीत 'काटा' म्हणतात, तराजूचा असतो तसा. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. पण "वहिनी काय म्हणतात ते बघा" हे वाक्य या घरात अजून दिवसातून दहादा ऐकू येतं.

काट्याच्या वर कोणी बोलायचं नाही, हा इथला नियम.

शिल्लक : दहा

आधी ताप आला. चार दिवसांनी उतरला. पाचव्या दिवशी सकाळी तापाची गोळी घशाखाली उतरली नाही, जिभेवरच विरघळली, आणि थोरली पाण्यासाठी धावली नाही. ती स्वयंपाकघरात तशीच उभी राहिली. तीच कडूजार गोळी, आणि तोंडात नुसता खडूचा भुगा. मग तिने मीठ चाटून पाहिलं. मग साखर. मग कोणी नाही असं बघून शेजारच्या खोलीत गेली, फुली मारलेल्या तुंब्यातला गर नखाने काढला आणि दाताखाली धरला.

काही नाही. पुठ्ठा.

औषधाच्या दुकानात तिने बहिणीचं म्हणून विचारलं. "येते कधीकधी परत," दुकानदार म्हणाला. "कधीकधी नाही येत."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली की तिच्यात काय उरतं? जेवायला बसणारं एक तोंड, आणि त्या तोंडाला चवसुद्धा नाही.

तिने मनाशी एक हिशेब मांडला होता. कुंपणाच्या वेलाच्या भोपळ्यांना लाल दोरा बांधलेला असतो, विहिरीकडच्यांना पांढरा. कुंपणाला लावायचं बी सासूच्या वेळेपासून एकाच डब्यातलं. त्याचा भोपळा आजवर एकदाही कडू निघालेला नाही. तेव्हा लाल दोरा दिसला की गोड. पांढरा दिसला की, जीव धोक्यात घालायचा नाही, कडू. वीस मोजायचे, तोंड जरा वाकडं करायचं, थुंकायचं. काल पंधरा असेच उरकले: चार पांढरे कडू, अकरा लाल गोड. आज तेरा राहिले होते. हवे होते एकूण वीस, मुठीएवढे, लांब मानेचे, पोरांच्या हातात मावतील असे. मागवले होते पाळणाघराच्या बाईंनी. पाच वाजता त्या न्यायला येणार होत्या.

ही फसवणूक नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. हा अनुभव आहे.

शिल्लक : आठ

धाकटीने चहा आणला. थोरलीने कप तोंडाला लावला आणि चार घोटांत संपवला. तिचं लक्ष रांगेतल्या पुढच्या तुंब्याकडे होतं.

दिराने पहिल्याच घोटाला कप खाली आपटला.

"अगं, हा चहा आहे की भांडी धुतलेलं पाणी? साखर कुठंय?"

धाकटीने जीभ चावली. "अय्या, विसरलेच! पण अहो, ताई तर काही बोलल्या नाहीत."

तिघांनी थोरलीच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं. तिघांत थोरलीही आली.

"मी साखर सोडली आहे," थोरली म्हणाली.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"बुधवारी तर वहिनींनी दोन चमचे जास्त मागितले होते," दीर हसत म्हणाला. "सोडलेल्या बायकोसारखी आहे ती साखर, अधूनमधून भेटायला येते." स्वतःच्या विनोदावर तो मनापासून हसला. तो नेहमीच हसायचा. शाळेत प्रत्येक परीक्षेत भोपळा मिळायचा, शेवटी त्याचाच धंदा केला, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा.

धाकटी मात्र हसली नाही. कप उचलताना तिने थोरलीच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

शिल्लक : सात

आज सहा झाले होते. पाच गोड, एक कडू. कालचे अकरा धरून सोळा तुंब्यांवर ठसा पडला होता आणि ते आतल्या खोलीत खोक्यात, पेंढ्यात निजले होते. अजून चार गोड निघाले की सुटलो. रांगेत लाल दोरे पाच होते. थोरलीला आज पहिल्यांदाच मोकळा श्वास घेता आला.

"यंदा कुंपणाला वेल किती जोरात आला, नाही?" ती सहज म्हणाली.

"येणारच," धाकटी सळई पुसत म्हणाली. "पळीचं बी आहे ते. दणकट असतं."

"काय आहे?"

"बी हो. पेरायला गेले तर डब्याला भुंगे लागलेले, सगळं पीठ. मग पळ्यांसाठी चिरलेल्या भोपळ्यांचं सुकत टाकलं होतं ना, तेच मूठभर लावलं कुंपणाला." थोरलीचा चेहरा पाहून ती जरा थांबली. "चालतं ना? म्हटलं, ताई चाखतातच की एकेक. बी कुठलं का असेना."

थोरलीने तुंबा उचलला. लाल दोरा. हात खाली आणणं शक्य नव्हतं, म्हणून तिने घोट घेतला.

एक. दोन. पळ्यांचं बी. तीन. पळ्या म्हणजे फुलीवाले, फुलीवाले म्हणजे कडू. चार. पाच. कडूच्या पोटी कधी गोडही येतो. सहा. कधी. सात. आठ. सोळा ठसे, सोळाच्या सोळा लाल दोरे. नऊ. मीच म्हणाले गोड. दहा. आता या घोटात काय आहे, देवा, काहीतरी लागू दे, नुसतं टोचू दे. अकरा. बारा. पाळणाघरात वर्षाच्या आतली पोरं आहेत असं बाई म्हणाल्या होत्या. तेरा. चौदा. पंधरा. ती मला बघतेय. सोळा. सतरा. अठरा.

अठरा.

अठरा.

"ताई, वीस कधीच झाले," धाकटी म्हणाली.

ती थुंकली. "कडू."

शिल्लक : सहा. पाच. चार. तीन. दोन. एक.

"कडू."

"कडू."

"वहिनी, लाल दोरा आहे हा."

"दिसतोय मला. कडू."

"कडू."

"अहो पण सलग..."

"भावोजी, चाखायचंय का तुम्हाला? या, बसा पाटावर."

दिराने हात जोडले. काट्याच्या वर कोणी बोलायचं नाही. तो ठसा शेगडीत परत खुपसून बसला आणि उरलेल्या तुंब्यांवर एकेक फुली पडताना पाहत राहिला. तुंबे कापायला, घासायला त्याचे दोन आठवडे गेले होते.

"कडू."

"कडू."

शिल्लक : शून्य. म्हणजे भोपळा.

हे सात तर वाचले. म्हणजे त्यांच्यापासून पोरं वाचली. खोक्यातल्या सोळांचं काय करायचं?

फुलीवर ठसा मारता येतो, पण ठशावर फुली आजवर कोणी मारलेली नव्हती. ठसा फिरवायचा तर कारण सांगावं लागणार, आणि सांगण्यासारखं कारण एकच होतं. थोरली पाटावरून उठली, कमरेत कळ आली म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

तुटलं-फुटलं तर कोणाचा दोष? वस्तू आहे, फुटते.

तिने पेंढ्यातून एक तुंबा काढला आणि फरशीवर टाकला. तो टण्णकन उडाला, दोनदा टप्पे खाल्ले आणि कोपऱ्यात जाऊन डुलत बसला. साधा ओरखडासुद्धा नाही. वाळलेला तुंबा सहजी फुटत नाही. लोक तो घेतात तेच मुळी त्यासाठी. तिने पुन्हा टाकला, या वेळी जोर लावून. तुंबा कपाटाखाली घरंगळला. ती पोटावर पडून, हात लांबवून तो काढू लागली. पंचावन्न वर्षांची बाई. घाम नाकावरून फरशीवर ठिबकत होता. शेवटी तिने तुंबा भिंतीशी धरला, त्यावर गुडघा टेकवला आणि सगळं अंग टाकलं.

काड्.

दार उघडलं. धाकटी.

"काय झालं?"

"पडला."

"गुडघ्याखाली?"

थोरली उठली नाही. धाकटीने दार मागे लावून घेतलं. बाहेर दीर शेगडी चाळत होता, त्याचा आवाज येत होता.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "मघाशी सातही कडू म्हणालात, पण एकदाही चूळ भरली नाहीत. कडू निघालं की तुम्ही चूळ भरता. न चुकता."

थोरली तुंब्याचे तुकडे पदरात गोळा करू लागली.

तेवढ्यात बाहेरून दिराचा मोठा, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला आवाज आला. "या या बाई! लवकर आलात, बरं झालं. चार कमी पडलेत, पण सोळा एकदम तयार. अगं, खोकं आण गं बाहेर!"

शिल्लक : (इथे आकडा लिहिता येत नाही)

खोकं बाहेर आलं. धाकटीने आणलं, कारण नाही कसं म्हणायचं ते तिलाही सुचलं नाही. बाई आडव्या बांध्याच्या, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, खांद्यावर कोणा पोराने सांडलेल्या दुधाचा डाग. त्यांनी वाकून पेंढा बाजूला केला.

"किती गोंडस आहेत! धुऊन लगेच वापरले तर चालतील ना? उद्यापासूनच द्यायचेत पोरांना."

"आज रात्रीच द्या," दीर म्हणाला. "आमच्या वहिनींनी चाखलेत. वहिनींचा शब्द म्हणजे..."

थोरली आली, झाकण ओढलं आणि खोक्यावर बसली.

अगदी बसलीच, स्टुलावर बसावं तशी. झाकणाची फळी करकरली. बाईंचा हात कसाबसा बाहेर निघाला.

"वहिनी, उठा," दीर हसत म्हणाला.

"नाही."

"अहो, बाईंना जायचंय."

"त्यांना जाऊ दे. हे जाणार नाहीत."

दिराचं हसू अजून तोंडावर होतं, पण त्याच्या मागे आता काही नव्हतं. "काय चाललंय?"

आणि थोरलीने सांगितलं. फिरवून, सजवून सांगायला तिला जमलं असतं. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेलं होतं. पण शब्द सुटे सुटे आले. "मला चव येत नाही. अकरा दिवस झाले. तापानंतर गेली. कालचं, आजचं, सगळं मी दोरे बघून सांगितलं. गोड मला माहीत नाही. कडूही माहीत नाही."

शेगडीत एक कोळसा फुटला.

"चहा," धाकटी स्वतःशीच म्हणाली.

"अकरा दिवस," दीर म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "आणि मी इथं बसून ठसे मारतोय. माझ्या हाताने." त्याने हाताकडे पाहिलं. "मूग गिळून बसलात, वहिनी? निदान मला एकट्याला तरी सांगायचंत!"

"तुम्ही मग मला कुठे बसवलं असतं?"

त्याची नजर रिकाम्या पाटाकडे गेली आणि तिथून शेगडीकडे वळली. तेवढ्यावरूनच थोरलीला उत्तर कळलं.

बाई मात्र तिच्याकडे रोखून पाहत होत्या. "माझ्याकडे आठ पोरं अशी आहेत की ज्यांना बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना कडू लागलं असतं तर ती नुसती रडली असती. आणि मी म्हणाले असते, भूक लागली असेल, अजून पाणी पाज."

थोरलीने मान खाली घातली नाही. घालायची होती, पण बाईंच्या डोळ्यांवरून नजर हलवायची हिंमत तिला झाली नाही.

शिल्लक : सत्तावीस

म्हणजे सगळे, फुटलेला एक सोडून. ठसेवाले, फुलीवाले, कालचे, आजचे. एकाच रांगेत.

खोक्यातल्या रिकाम्यांमध्ये कोमट पाणी भरलं आणि अर्धा तास थांबले. ते थांबणं कोणाला नीट जमलं नाही. दीर दोनदा बाहेर जाऊन आला. बाई निघून जातील असं वाटलं होतं, पण त्यांनी पर्स खुंटीला अडकवली आणि पाट ओढला. "मीही चाखणार. माझ्या पोरांच्या तोंडी लागायचंय ते."

पहिला तुंबा दिराने घेतला. लाल दोरा, गळ्याखाली ताजा ठसा. घोट घेतला. कोणी मोजत नव्हतं, पण सहाच्या पुढे तो गेला नसेल. त्याचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला. बादलीपर्यंतही पोहोचला नाही, अंगणातच थुंकला, मग नळाखाली तोंड धरून चुळा भरत राहिला. बऱ्याच वेळाने ओल्या तोंडाने परत आला.

"हा गोड म्हणाला होतात तुम्ही," तो म्हणाला.

"हो."

"वहिनी, तुम्ही आत जा."

ती उभी राहिली. नऊ वर्षांत तिला कोणी आत जा म्हटलं नव्हतं. दोन पावलं गेलीही.

"कुठे निघालात?" धाकटी म्हणाली. "बसा इथं. आम्हा तिघांना धड घोट धरता येत नाही. यांनी तर गिळलाच अर्धा."

"मी रागात आहे," दीर म्हणाला.

"मीही आहे. तुम्ही मघापासून आहात, मी आयुष्यभर राहीन. पण शिकवणार कोण? तुम्ही? शाळेतला भोपळा?"

थोरली बसली. पाटावर नाही, पाटाशेजारी, फरशीवर. "आधी शेंड्यावर," ती म्हणाली. "लगेच मागे नेऊ नका. कडू मागे असतं, पण पुढून आलं तरच कळतं."

बाईंनी तीन चाखले. गोड, गोड, मग कडू. त्यांची जीभ तासभरासाठी बाद. धाकटीचे पहिले पाच गोड, सहावा कडू. दीर बसून होता, तोंडातलं कडू उतरायची वाट बघत. साडेसहा वाजले. नक्की गोड असे सात निघाले, आणि त्यातल्या दोहोंवर थोरलीने मघाशी कडू म्हणून फुली मारली होती. दिराने ओल्या फडक्याने त्या फुल्या पुसल्या, जरा जास्तच जोर लावून.

"सात मी नेते," बाई म्हणाल्या. "आणखी एक झाला तर बघा. आठ झाले की बोलता न येणाऱ्यांचं तरी भागेल."

धाकटीने पुढचा उचलला. थोरली मोजू लागली, मोठ्याने, कारण धाकटी नेहमी भरभर मोजायची. "एक. दोन. हळू. तीन." दिराने ठसा निखाऱ्यांतून बाहेर काढला, लालभडक, आणि धरून बसला. "सात. आठ. कडांना ने. नऊ." धाकटीचे गाल फुगलेले, डोळे मिटलेले. थोरली तिच्या भुवया बघत होती. त्या हलत नव्हत्या. सव्वीस वर्षं सगळं घर थोरलीच्या भुवया बघत आलं होतं. बघणाऱ्या बाजूला हे असं असतं तर. "अठरा. एकोणीस. वीस."

धाकटी थुंकली. मान हलवली. पुन्हा हलवली.

"कळत नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?" दीर म्हणाला. "काहीतरी एक सांग. ठसा गार होतोय."

"खरंच कळत नाहीये. आहे काहीतरी मागे, किंवा मघाचंच असेल. ताई?"

तिने थोरलीकडे पाहिलं. सवयीने. दिरानेही पाहिलं, तेही सवयीनेच, आणि बाईंनी त्या दोघांचं बघून. थोरलीच्या ओठांवर शब्द आला. तो तिथेच राहत असे, इतकी वर्षं, बोलवायचीही गरज नव्हती.

"ठसा खाली ठेवा, भावोजी," ती म्हणाली. "हा जाणार नाही."

दिराने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि ठसा बादलीत बुडवला.